सीटच्या खिशातला इतिहास: विमानाचं सेफ्टी कार्ड आणि हरवलेल्या एअरलाइन्स

लोकलमध्ये रेंज गेली म्हणून अर्धा एपिसोड सुटला असेल, किंवा ऐकून झाल्यावर "दादा, ते वर्ष कुठलं म्हणालास?" असा मेसेज टाइप करत असाल, तर हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना वाकडीतिकडी गेलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी गप्पा त्याच.

कुणी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं, कुणी काडेपेट्यांची लेबलं. मी विमानातली सेफ्टी कार्डं जमवतो. समोरच्या सीटच्या खिशात मासिक आणि उलटीच्या पिशवीच्या मधे एक जाडसर, चकचकीत कार्ड असतं ना, तेच. ज्यावर माणसं अगदी शांत चेहऱ्याने पाण्यात उड्या मारताना दाखवलेली असतात. "हे काय जमवायची गोष्ट आहे?" असं घरच्यांपासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. आजचा भाग म्हणजे त्याचं सविस्तर उत्तर.

आधी हे कार्ड असतं कशाला?

आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की सीटबेल्ट, बाहेर पडायचे दरवाजे, लाइफ जॅकेट, ऑक्सिजन मास्क हे कुठे आहे आणि कसं वापरायचं, ते प्रवाशांना कळलं पाहिजे. एअर होस्टेस हात पसरून दाखवते तो त्याचा एक भाग आणि हे कार्ड दुसरा. दाखवलेलं विसरता येतं, कार्ड मात्र समोरच असतं.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की कार्ड एअरलाइनचं नसतं, विमानाचं असतं. म्हणजे एकाच कंपनीकडे तीन प्रकारची विमानं असतील तर कार्डंही तीन प्रकारची. कारण दरवाजा उघडायची पद्धत प्रत्येक विमानात वेगळी असते आणि धुराने भरलेल्या केबिनमध्ये अंदाज करत बसायला वेळ नसतो. मोठ्या विमानाला मान्यता देताना अट असते की निम्मेच दरवाजे वापरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. दीड मिनिट! आपल्याला हेडफोनची गुंतलेली वायर सोडवायलाही तेवढा वेळ लागतो.

कार्ड बघा, विमान ओळखा

इथून खरी मजा सुरू होते. वरचं नाव झाकून कार्ड माझ्या हातात द्या, विमान कुठलं ते बहुतेक वेळा सांगता येतं. ही युक्ती तुम्हालाही जमेल.

पहिली खूण पंखावरच्या दरवाजाची. एअरबस ए३२०च्या कार्डावर पंखावरून बाहेर पडलं की पुढे घसरगुंडी दिसते, फुगणारी. बोइंग ७३७च्या कार्डावर तिथे घसरगुंडी नसते. पंखावरून मागच्या बाजूला चालत जा आणि खाली घसरा, असे बाण असतात.

दुसरी खूण ऑक्सिजन मास्कची. कार्डावर वरून पडणारे मास्कच नसतील तर ते बहुधा एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान. एटीआर २५,००० फुटांच्या वर जात नाही. तेवढ्या उंचीवरून वैमानिक विमान लवकर खाली, श्वास घेता येईल अशा थरात आणू शकतो, त्यामुळे प्रत्येक सीटवर मास्क लावायची गरज नसते. आणखी एक पुरावा हवा असेल तर चढायचा दरवाजा बघा. एटीआरमध्ये प्रवासी मागून चढतात, पुढच्या भागात सामान असतं.

तिसरी खूण सीटांची. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन सीट दिसल्या तर ५० सीटचं एम्ब्रेअर १४५. दोन्हीकडे दोन-दोन सीट आणि पंखावर एकही दरवाजा नाही, तर एम्ब्रेअर १७० किंवा १७५. दोन्हीकडे एकेकच सीट, पंख छताच्या उंचीवर आणि मास्कचा पत्ता नाही, तर ते डॉर्निअर २२८ असू शकतं. १९ सीटचं हे विमान फार उंच जातच नाही, त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाबही वाढवलेला नसतो.

एका कागदावरून इतकं कळतं. आता ओळखायचा नाद सोडून जरा गंभीर होऊ.

तो २२ किलोचा दरवाजा

जुन्या ७३७-२०० विमानांत पंखावरचा दरवाजा म्हणजे एक सुटी झडप होती, वजन सुमारे २२ किलो. हँडल ओढलं की ती आत पडायची. मग ती उचलून बाजूला टाकायची आणि बाहेर पडायचं. कार्डावर हे दोन-तीन छोट्या चित्रांत दिसतं, अगदी सोपं.

२२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या विमानतळावर ब्रिटिश एअरटूर्सच्या ७३७ विमानाला धावपट्टीवरच आग लागली. विमान जमिनीवर होतं, उभं होतं, दरवाजे होते, तरीही ५५ माणसं गेली. पंखावरची झडप उघडायला शेजारच्या प्रवाशाला वेळ लागला. उघडली तेव्हा ती आतल्याच माणसावर पडली आणि ती बाजूला करण्यात मोलाचे सेकंद गेले. त्यानंतर अशा दरवाजाजवळच्या जागेचे नियम बदलले. पुढे बोइंगने ७३७-८०० या पिढीत दरवाजाच बदलला. तो वरच्या बिजागरीवर बाहेरच्या बाजूला आपोआप उघडतो, आत काही पडत नाही.

माझ्याकडे ७३७-२०० आणि ७३७-८०० अशी दोन्ही कार्डं आहेत. शेजारी ठेवली की दोन चित्रांमधला फरक नखाएवढा आहे, पण तो फरक कशामुळे झाला ते माहीत असेल तर कार्ड हातात जड वाटायला लागतं.

दुसरं उदाहरण लाइफ जॅकेटचं. "विमानाच्या बाहेर पडल्यावरच फुगवा" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते कानावरून जातं. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं ७६७ विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ जण गेले. त्यातल्या बऱ्याच जणांनी घाबरून जॅकेट आतच फुगवलं होतं. केबिनमध्ये पाणी शिरलं की फुगलेलं जॅकेट माणसाला छताशी नेऊन चिकटवतं आणि खाली पोहून दरवाजातून निघता येत नाही. कार्डावरच्या त्या एका चित्राचं कारण हे.

आणि उलट बाजूही सांगतो. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० विमान दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले, तरी आतले ३७९ च्या ३७९ बाहेर आले. बॅगा मागे ठेवून. कार्डावर सुटकेसवर जी लाल फुली असते, तिचा अर्थ त्या दिवशी जगाला दिसला.

चित्रंच का? लिहीत का नाहीत?

जुनी कार्डं मजकुराने भरलेली असायची. परिच्छेदच्या परिच्छेद. मग अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल जॉन्सन आणि त्यांचे सहकारी बो ऑल्टमन यांच्यासारख्या लोकांनी सरळ प्रश्न विचारला की हे वाचून माणसाला प्रत्यक्ष काही करता येतं का? चित्रं साध्या माणसांना दाखवायची, त्यांना काय कळलं ते तपासायचं आणि जिथे गोंधळ होतो ते चित्र बदलायचं. आज जगभर दिसणारी शब्दांविना चित्रकथा या विचारातून रुळली.

आपल्याकडे तर याची गरज दुप्पट आहे. बहुतेक कार्डांवर हिंदी आणि इंग्रजी असतं. नांदेडहून, जळगावहून, सोलापूरहून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाचं काय? माझी आत्या साठीत पहिल्यांदा विमानात बसली. खिशातून कार्ड काढलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "अरे, हे मेन्यूकार्ड आहे का? यात खायचं काहीच नाही!" मग आम्ही दोघांनी ते चित्राचित्राने वाचलं. शेवटी तिने मान वळवून मागच्या रांगा मोजल्या आणि म्हणाली, "मागचा दरवाजा जवळ आहे रे, सहा रांगा." पन्नास वेळा विमानात बसलेल्या किती जणांना हे सांगता येईल?

कार्डांच्या गठ्ठ्यात दिसणारा आपला इतिहास

आता कार्डाच्या वरच्या कोपऱ्याकडे या, जिथे कंपनीचं नाव असतं. माझ्या फायलीतली निम्मी नावं आज आकाशात नाहीत.

गोष्ट जुनी आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणलं तिथून आपली विमानसेवा सुरू झाली असं मानतात. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, तिथे विमानतळही झाला होता. स्वातंत्र्यानंतर छोट्या-मोठ्या खासगी कंपन्या होत्या. निजामाच्या हैदराबादेत डेक्कन एअरवेज, ओडिशात बिजू पटनाईक यांची कलिंगा एअरलाइन्स, मुंबईत एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया. १९५३ साली सरकारने कायदा केला आणि अशा सात कंपन्या व एअर इंडियाचा देशांतर्गत भाग एकत्र करून १ ऑगस्टपासून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. त्यानंतर जवळजवळ चार दशकं देशात उडायचं म्हणजे सरकारी विमानानेच.

इंडियन एअरलाइन्सची विमानं मोठ्या शहरांसाठी होती. छोट्या गावांसाठी, सुरुवातीला खास ईशान्य भारतासाठी, जानेवारी १९८१ मध्ये वायुदूत आली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोघींची ही धाकटी बहीण. तिच्याकडे फोकर एफ-२७, एचएस ७४८ आणि डॉर्निअर २२८ होती, आणि डॉर्निअर पुढे आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने कानपूरला बांधायला घेतली. उद्देश चांगला होता, पण रिकाम्या सीटांनी आणि तोट्याने तिला ग्रासलं. १९९३ मध्ये तिला इंडियन एअरलाइन्समध्ये मिसळायचा निर्णय झाला.

यातला एक धागा मला फार आवडतो. एप्रिल २०२२ मध्ये अलायन्स एअरने हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेलं डॉर्निअर दिब्रुगढ ते पासिघाट असं प्रवासी सेवेत उडवलं. ज्या ईशान्येसाठी वायुदूत जन्मली होती, तिथेच तिचं जुनं विमान, नव्या रूपात.

नव्वदच्या दशकात दार उघडलं. १९९२ मध्ये मुंबईची ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स, १९९३ मध्ये दमानिया, मोदीलुफ्त, जेट, सहारा. जुना कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. ईस्ट-वेस्ट १९९६ मध्ये थांबली. दमानिया १९९५ मध्ये विकली गेली, तिचं स्कायलाइन एनईपीसी झालं आणि १९९७ पर्यंत तेही संपलं. मोदीलुफ्त १९९६ मध्ये बंद पडली, पण तिचा परवाना हातोहात फिरत २००५ मध्ये स्पाइसजेट म्हणून उडाला.

इथे कार्डं भारी साक्ष देतात. विमान तेच, चित्रं तीच, वरचं नाव फक्त बदललेलं. एअर डेक्कनचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एटीआर घेऊन ती सुरू केली. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' तिचं प्रतीक होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट 'सूरराई पोट्रू' किंवा 'सरफिरा' या सिनेमांमुळे माहीत असेल. पुढे ती किंगफिशरमध्ये गेली, किंगफिशर रेड झाली आणि २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. एका एटीआरच्या सीटखिशात दहा वर्षांत दोन-तीन नावं येऊन गेली असतील, आणि लाइफ जॅकेट बांधणारा चित्रातला माणूस तोच.

मग या छोट्या कंपन्या टिकत का नाहीत?

हा प्रश्न कॉलेजच्या मुलांकडून सगळ्यात जास्त येतो. एकच कारण नाही, पण साखळी स्पष्ट आहे.

विमानाचं इंधन महाग आणि त्यावर राज्याराज्यांचे वेगवेगळे कर. विमानं बहुतेक भाड्याची आणि भाडं डॉलरमध्ये. म्हणजे रुपया घसरला की प्रवासी तितकेच असूनही खर्च वाढतो. कंपनीकडे तीनच विमानं असतील आणि एक दुरुस्तीला गेलं, तर एक तृतीयांश वेळापत्रक कोसळतं. त्यात मुंबईसारख्या विमानतळावर उतरायला सोयीची वेळ मिळणं कठीण. कोल्हापूरच्या माणसाला सकाळी मुंबईत पोचून संध्याकाळी परतायचं असतं. विमान भरदुपारी असेल तर तो रात्रीच्या बसने जाईल ना!

२७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेची पहिली विमानं सुटली. त्या दिवशी हिरवा झेंडा मिळालेल्यांत नांदेड–हैदराबादही होतं, ट्रूजेटचं. योजनेत साधारण तासाभराच्या प्रवासाच्या निम्म्या सीटना सुमारे २,५०० रुपयांची मर्यादा होती आणि तोटा भरून काढायला सरकारी मदत तीन वर्षं. तीन वर्षांनी आपल्या पायावर उभं राहायचं. काही मार्ग उभे राहिले, बरेच राहिले नाहीत. एअर डेक्कन नावाची कंपनी डिसेंबर २०१७ मध्ये छोट्या बीचक्राफ्टने मुंबई–जळगाव उडायला लागली आणि २०२० मध्ये कोरोनाच्या काळात थांबली. ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली.

पण सगळंच रडगाणं नाही. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर जानेवारी २०१९ पासून एम्ब्रेअर विमानं उडवते आहे. गोव्याची फ्लाय९१ मार्च २०२४ पासून एटीआर घेऊन सिंधुदुर्ग, जळगाव अशा ठिकाणी जाते. म्हणूनच म्हणतो, आज विमानात सहज दिसणारं कार्ड उद्या दुर्मीळ होऊ शकतं. विस्ताराचंच बघा. ९ जानेवारी २०१५ ला सुरू झाली, १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. दहा वर्षंसुद्धा पूर्ण नाहीत!

कंपनी बंद पडली की विमानं भाडेमालकाकडे परत जातात, आतलं सगळं बदलतं आणि कार्डं रद्दीत. तिकिटं तर आता मोबाइलमध्येच असतात, फोन बदलला की गेली. पंचवीस वर्षांनी कुणी विचारलं की जळगावहून कुठल्या विमानाने लोक जायचे, ते आतून कसं होतं, तर हातात धरून दाखवता येईल असं फार थोडं उरेल.

जमवायचं कसं? चोरी न करता

हे स्पष्ट सांगतो. कार्ड खिशात घालून घरी आणायचं नाही. बहुतेक कार्डांवर तसं लिहिलेलंच असतं. ती कंपनीची मालमत्ता आहे, हे झालंच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे तुमच्यानंतर त्या सीटवर माझ्या आत्यासारखं कुणीतरी बसणार आहे.

मग मार्ग काय? विमान उतरल्यावर, गर्दी ओसरल्यावर क्रूला नीट विचारा. जास्तीचं किंवा बाद झालेलं कार्ड असेल तर कधी मिळतं, कधी नाही. "नाही" म्हणाले तर हसून थँक्यू म्हणायचं. कार्डाची नवी आवृत्ती आली की जुनी काढून टाकतात, तेव्हा एअरलाइनमध्ये काम करणारी ओळखीची माणसं उपयोगी पडतात. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरच्या ट्रंका म्हणजे तर खजिना. जुन्या बाजारात, रद्दीवाल्याकडे, संग्राहकांच्या अदलाबदलीत कार्डं मिळतात. अमेरिकेत वर्ल्ड एअरलाइन हिस्टॉरिकल सोसायटीसारखी संस्था आहे, तिथे अशा वस्तूंचे मेळे भरतात.

आणि सगळ्यात सोपा मार्ग तुमच्या हातात आहे, फोन. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा सरळ, उजेडात फोटो काढा. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्तीचा क्रमांक किंवा महिना-वर्ष असतं, त्याचा वेगळा फोटो. सोबत तारीख, मार्ग आणि विमानाचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. आपल्याकडे तो 'व्हीटी'ने सुरू होतो. एवढं केलंत तर तुमचा तो फोटो नुसता फोटो राहत नाही, नोंद होते.

कागदी कार्ड मिळालंच तर तीन शत्रू लक्षात ठेवा. ऊन, सेलोटेप आणि ओल. उन्हाने रंग उडतो, टेपने डाग पडतात आणि कोकणातला एक पावसाळा कार्डाला लाटेसारखं वाकवू शकतो. पारदर्शक पाकिटात आडवं ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि घरी लॅमिनेट करायच्या भानगडीत पडू नका.

जाता जाता

पुढच्या वेळी विमानात बसलात की रील्स बंद करून दोन मिनिटं द्या. कार्ड काढा. विमान कुठलं ते ओळखा. तुमच्या सीटपासून पुढच्या आणि मागच्या दरवाजापर्यंत रांगा मोजा. हाताने सीटखाली लाइफ जॅकेटची जागा चाचपून बघा. मग फोटो काढा आणि कार्ड परत खिशात, समोरची बाजू पुढे करून, नीट ठेवा. शेजारी पहिल्यांदा उडणारं कुणी असेल तर त्यांनाही दाखवा, आपल्या भाषेत.

तुमच्या घरात कुणी वायुदूतने, दमानियाने किंवा ईस्ट-वेस्टने प्रवास केला असेल तर त्यांना आजच विचारा, विमान आतून कसं होतं. ऐकाल ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या भागात भेटू, तोवर सीटबेल्ट बांधलेला असू द्या!